शेवटचा बोल्ट

ज्या गाडीत तुम्ही रोज आपली मुलं बसवता, तिच्या खाली तुम्ही कधी वाकून पाहिलंय का? नसेलच पाहिलं. काच पुसता, सीटला कव्हर घालता, पुढे लिंबू-मिरची टांगता, आणि खाली काय आहे ते गॅरेजवाल्यावर सोडून मोकळे होता. हे मी दोष देण्यासाठीच विचारते आहे. फक्त त्या दोषात माझं स्वतःचं घरही येतं, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. आत्मकथा म्हातारपणी लिहायची असते, असं मला वडीलधारे सांगतात. मी अजून चाळिशीलाही पोचलेली नाही. पण म्हातारपणी माणूस सगळ्यांना माफ करून बसतो आणि मग लिहिण्यासारखं काही उरत नाही, अशी मला भीती आहे.

आमचं घर विश्रांतवाडीत, आळंदी रस्ता सोडून आत वळल्यावरच्या वस्तीत, आणि घरासमोरच पप्पांची शेड. शेड म्हणजे वर सिमेंटचे पत्रे, तीन बाजूंना जुन्या फ्लेक्सचे पडदे, मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा. पप्पा एकच काम करायचे. गाड्यांना खालून संरक्षक पत्रे बसवायचे. कंपनीतून गाडी येते तेव्हा तिचं पोट जवळजवळ उघडंच असतं. फार तर प्लॅस्टिकचं एखादं झाकण. आणि पुण्यात गतिरोधक हे रस्त्यापेक्षा जास्त मनापासून बांधलेले असतात. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला सगळे चेंबर म्हणतात. एखादा उंच गतिरोधक किंवा ड्रेनेजचं वर आलेलं झाकण लागलं, की चेंबर फुटतो आणि सगळं तेल रस्त्यावर. तसं झालेले लोक पप्पांकडे यायचे, आणि तसं होऊ नये म्हणून शहाणे लोक आधी यायचे. पप्पा खड्ड्यात उतरून आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचे, मग त्यावरून पत्रा. तेल बदलता यावं म्हणून त्यात एक भोक, हवा खेळावी म्हणून फटी, सायलेन्सरपासून चार बोटं अंतर. गाडीच्या मूळ सांगाड्याला ते कधीही नवं भोक पाडायचे नाहीत. कंपनीनं ठेवलेली भोकं असतात, तेवढ्यांवरच भागवायचं. प्रत्येक बोल्टाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची चकती. ती नसली तर पत्रा खुळखुळतो. "मग गाडी चालवायची की भजन करायचं?" असं पप्पा म्हणायचे. ते मूळचे लोणी काळभोरकडचे; सगळं आयुष्य शहरात काढलं तरी त्यांचं 'हाय' कधी 'आहे' झालं नाही.

त्यांची एक पद्धत होती, आणि तिच्यावरून सगळी वस्ती त्यांची चेष्टा करायची. पत्रा बसवून झाला की ते एक बोल्ट हातात ठेवायचे. खड्ड्यातून वर यायचे, हात पुसायचे आणि तो बोल्ट गाडीच्या मालकाच्या तळहातावर ठेवायचे. मालकानं खड्ड्यात उतरायचं, खालून आपली गाडी बघायची, वर यायचं, आणि बोल्ट परत द्यायचा. "बघितलं?" पप्पा विचारणार. "बघितलं," मालक म्हणणार. मग पप्पा खाली जाऊन तो शेवटचा बोल्ट आवळणार. त्याशिवाय गाडी शेडबाहेर नाही. कुणाला घाई असायची, कुणाचे कपडे पांढरे असायचे. एकदा सदाशिव पेठेतले एक गृहस्थ आले होते, चष्मा साखळीला बांधलेला. ते म्हणाले, "अहो, मी गाडी कामाला आणली आहे. प्रदर्शन पाहायला आलेलो नाही." पप्पा म्हणाले, "तिकीट न्हाई साहेब, फुकट हाय." गृहस्थ म्हणाले, "फुकट असलं की मला संशयच येतो." पण उतरले. उतरले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आल्यावर म्हणाले, "सतरा वर्षं चालवतोय, हिला खालून कधी भेटलोच नव्हतो."

मला त्या पद्धतीचा फार अभिमान होता. शाळेत कुणाचे वडील साहेब होते, कुणाचे पोलीस होते. माझे वडील लोकांना खड्ड्यात उतरवायचे.

घरात सकाळ व्हायची ती ग्राइंडरच्या आवाजानं. पत्रा कापताना जो किंचाळता आवाज येतो तो सुरू झाला की आई दुधावर झाकण टाकायची, कारण मागोमाग काळी धूळ यायची. मग भाकरी थापायचा आवाज, आणि तव्यावर सुकट परतल्याचा वास. आई आळंदी रस्त्यावरच्याच एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवायची. दिवसभर लोकांच्या घरची शुभकार्यं, आणि घरी आल्यावर तिची स्वतःची पत्रकं. वस्तीत पाणी दोन दिवस आलं नाही, पत्रक. शाळेनं मुलींकडून वर्ग झाडून घेतले, पत्रक. विहारात बायकांना पुढे बसू देत नाहीत, पत्रक. छापखान्याचे मालक तिला उरलेल्या कागदावर छापू द्यायचे. त्यामुळे आमची क्रांती कधी गुलाबी असायची, कधी पोपटी. मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकांवर नाही, त्या पत्रकांवर. संध्याकाळी जमिनीवर बसून आम्ही दोघी घड्या घालायचो. मी घडी घालायची, आई चमच्याच्या पाठीनं ती दाबायची. हात चालू आणि तोंडही चालू. "सुजाता, पत्रकाला दोन गोष्टी लागतात," ती सांगायची. "खाली नाव पाहिजे. नाव नाही ते पत्रक नाही, ती अफवा. आणि शेवटच्या ओळीत काम पाहिजे. वाचणारा उठून काय करणार, ते सांगितलं नाहीस तर तू नुसती रडलीस." छापताना खराब झालेल्या कागदांवर आम्ही भजी निथळायला ठेवायचो. तेलानं अक्षरं पारदर्शक व्हायची आणि कांदाभज्याखालून 'जागे व्हा' दिसायचं. पप्पा ती भजी खाताना म्हणायचे, "जागा हाय, अजून दे."

अशा घरात मी सोळा वर्षांची झाले, तेव्हा वस्तीनं रुग्णवाहिका घ्यायची ठरवली. मोठी रुग्णवाहिका आमच्या गल्ल्यांत शिरत नसे. फोन केला की ती रस्त्यावर येऊन थांबे, आणि आजारी माणसाला खाटेसकट तिथवर उचलून न्यावं लागे. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष वाघमारेकाका. पप्पा तरुणपणी गावाकडून आले तेव्हा याच काकांच्या घरात, त्यांच्याच ताटात जेवून राहिले होते, आणि शेडची जागाही काकांनीच मिळवून दिली होती. काकांनी एक जुनी, छोटी व्हॅन घ्यायची कल्पना मांडली. त्यासाठी वर्गणीचं आवाहन आईनं लिहिलं. पिवळ्या कागदावर. मला त्यातली एक ओळ अजून पाठ आहे: 'आपला माणूस आपणच उचलू, पण आता खांद्यावर नाही, चाकांवर.' खाली तिचं नाव. ते पत्रक घेऊन आई घरोघर गेली, आणि बायकांनी डब्यातून, पदराच्या गाठीतून, भिशीतून जे होतं ते दिलं. शेजारच्या शेवंतामावशींच्या घरी त्यांचे यजमान छातीच्या दुखण्यानं खाटेवर होते. मावशी म्हणाल्या, "आमच्यासाठीच आणताय म्हणा की." आणि हसल्या. त्यांचे यजमानही हसले.

व्हॅन काकांनी बिबवेवाडीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून आणली. पांढरी, चकचकीत, आतून सेंटचा वास. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी विहारासमोर लोकार्पण करायचं ठरलं. गल्लीतल्या गतिरोधकांवर आपटू नये म्हणून खालून पत्रा बसवायचं काम अर्थात पप्पांकडे आलं, आणि बाजूला लाल अक्षरांत नाव रंगवायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर आईसारखं होतं. जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये होतो. पप्पा खाली खड्ड्यात, मी वर स्टुलावर. पत्र्यांखाली इतकं तापलं होतं की रंग ब्रशवरच वाळत होता. 'रुग्णवाहिका' लिहून झालं, खाली वस्तीचं नाव घालत होते, तर ब्रश हातातून निसटला आणि घरंगळत खड्ड्यात पडला. तो आणायला मी पायऱ्या उतरले.

पप्पा दिव्याच्या उजेडात वर बघत उभे होते. नवा पत्रा बाजूला भिंतीला टेकवलेला. गाडीच्या पुढच्या बाजूला एक आडवा लोखंडी भाग असतो, दोन्ही पुढची चाकं त्यालाच धरलेली असतात. गॅरेजात त्याला क्रॉस मेंबर म्हणतात. पप्पांनी माझ्या देखत त्याच्या डाव्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला. ठोकला नाही. नुसता टेकवून दाबला, आणि तो भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर मागोमाग बारीक, पिवळट माती गळली. तिच्यात वाळलेल्या गवताच्या काड्या होत्या.

"पाण्यात बसलेली गाडी हाय," पप्पा म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच. नदीचं पाणी सोसायट्यांच्या तळघरांत शिरतं तेव्हा गाड्या बुडतात. मग त्या धुऊन, वरून रंगवून, खाली काळा लेप मारून विकल्या जातात, हे आम्हाला माहीत होतं. "चाक कधीबी मोकळं होईल."

मी विचारलं, "मग काकांना बोलवायचं ना?"

काका येऊन गेले होते. मी घरातून रंगाचे डबे आणायला गेले तेव्हाच. त्यांचं काय बोलणं झालं ते पप्पांनी मला तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. काकांना धक्का बसला होता. दलालाला फोन लावला तर तो उचलत नव्हता. निमंत्रणं गेली होती, मांडव पडला होता, आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं येणार होती. 'उद्याचा दिवस जाऊ दे,' काका म्हणाले होते. 'आत्ता सांगितलं तर लोक म्हणतील, मंडळानं खाल्लं. पुन्हा कुणी चार आणे देणार नाही कशालाच. जयंती झाली की गाडी आत घे, तुला हवं ते कर. आज पत्रा लाव.' वाघमारेकाकांना मी तेव्हा मनातल्या मनात चोर ठरवलं. चोर नव्हते ते. फसवला गेलेला, घाबरलेला, आणि आपल्या माणसांची लाज झाकू पाहणारा माणूस होते. आज मला वाटतं, चोर असते तर सोपं झालं असतं.

पप्पांनी पत्रा उचलला. एकेक बोल्ट लावत गेले. रबराच्या चकत्या नीट, फटी नीट, सगळं नेहमीसारखं सुबक. मी ब्रश हातात घेऊन तिथेच उभी होते. शेवटी त्यांच्या हातात एक बोल्ट राहिला.

"पप्पा, हा कुणाच्या हातात देणार?"

ते थांबले. मग म्हणाले, "आपलीच गाडी हाय. आपल्याच गाडीला कसली बघणी?" आणि त्यांनी तो बोल्ट आवळला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, कुणी न बघता.

ते वाक्य मी आयुष्यभर वाहते आहे. परक्याच्या गाडीखाली परक्याला उतरवायचं आणि आपल्या गाडीखाली कुणालाच नाही, ही खोड फक्त माझ्या वडिलांची नव्हती. आमच्या वस्तीची होती, आमच्या चळवळीचीही होती, आणि तुमच्या सोसायटीची, पक्षाची, भावकीची ती नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा. आम्ही बाहेरच्या जगाला पन्नास प्रश्न विचारणारी माणसं. घरातल्या दाराशी आलो की प्रश्न चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचो.

संध्याकाळी आई लोकार्पणाची पत्रकं घेऊन आली. निळी होती या वेळी. आम्ही घड्या घालायला बसलो. मी चार-पाच घड्या वाकड्या घातल्या, आई म्हणाली, "लक्ष कुठाय?" मी सांगितलं. स्क्रूड्रायव्हर, माती, गवताच्या काड्या, काका, बोल्ट. आईच्या हातातला चमचा थांबला.

"तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"हो."

पप्पा हातपाय धुऊन आत आले, तिचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि ओल्या हातांनीच भिंतीला टेकून खाली बसले.

"जयंती झाली की मी करणार हाय नीट," ते म्हणाले.

"आणि उद्या कुणाला दुखलं-खुपलं तर? मिरवून झाली की चावी ड्रायव्हरकडे जाणार. रात्री-अपरात्री निघाली तर त्याला तुम्ही काय सांगणार, थांब, अजून जयंती आहे?"

"वाघमारेभाऊंचं मीठ खाल्लंय मी."

"मी त्यांचं नाही म्हणत. वर्गणी मागायला मी गेले होते. कागदाखाली माझं नाव आहे."

"नाव, नाव! तुझं कागदावर हाय. माझं या गल्लीत हाय. उद्यापासून कोण येईल माझ्या शेडला, भाऊंना पाडलं म्हटल्यावर?"

आई अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला ती मोडकी गाडी दिसली म्हणून मी चिडलेली नाही. तुम्ही ती एकट्यानं पाहिलीत म्हणून चिडलेय." त्या दिवशी आमच्याकडे जेवणं झाली नाहीत. वांग्याचं कालवण तसंच पातेल्यात राहिलं, आणि त्यावर तेलाचा लाल तवंग धरला.

जयंतीची सकाळ म्हणजे निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, लाउडस्पीकरवर वंदना, आणि मोठ्या कढईतून येणारा बुंदीचा वास. व्हॅन विहारासमोर उभी, बॉनेटवर झेंडूचा हार, माझी लाल अक्षरं उन्हात चमकणारी. शेवंतामावशींनी यजमानांना खुर्चीत बसवून आणलं होतं, 'त्यांची' गाडी दाखवायला. वंदना झाली. वाघमारेकाका बोलले, चांगलं बोलले, त्यांचा आवाज मात्र अधूनमधून फाटत होता. मग ते फीत कापायला कात्री घेऊन पुढे झाले, तेव्हा आई बायकांच्या रांगेतून बाहेर आली. पांढरी साडी, हातात घडी केलेलं गोणपाट. तिनं ते व्हॅनच्या पुढच्या चाकापाशी अंथरलं.

"भाऊ, एक मिनिट," ती काकांना म्हणाली. "शेवटचा बोल्ट कुणी पाहिला?"

बायका हसल्या. सगळ्या वस्तीला ती पद्धत माहीत होती. त्यांना वाटलं कार्यक्रमातच काहीतरी गंमत आहे. मागून एक पोरगा ओरडला, "पत्रेवाले मामा, बोल्ट द्या की!"

"वहिनी, आज कार्यक्रम आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणूनच विचारते. सगळे जमलेत. मी पाहते. मला तर पाहू द्याल? मागायला मीच गेले होते."

हसणं हळूहळू बंद झालं. लाउडस्पीकरवाल्यानं न सांगता आवाज बंद केला. सगळे पप्पांकडे बघायला लागले. ते नव्या पांढऱ्या शर्टात, केस चापून बसवलेले, काकांच्या मागे उभे होते. त्यांनी नुसतं 'मी पाहिलंय' म्हटलं असतं तर पुरलं असतं. त्यांच्या शब्दावर वस्ती डोळे मिटून गाडीत बसली असती. मला अजून स्वप्नात ते तसं म्हणताना दिसतात, आणि मी दचकून उठते.

पप्पांनी पँटच्या खिशातून पाना काढला. गोणपाटावर उताणे झाले, आणि सरपटत गाडीखाली गेले. बोल्ट एकेक करून सिमेंटवर पडत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता. मग पत्रा खाली आला. पप्पांनी आतून हाक मारली, "ज्याला बघायचं हाय त्यानं वाका." आई पहिली वाकली. पांढऱ्या साडीसकट जमिनीला गाल लावून. मग ड्रायव्हर. मग एकेक करत लोक. पप्पांनी अंगठ्यानं दाबलं आणि क्रॉस मेंबरचा लगदा खाली पडला, त्यांच्या तोंडावर, नव्या शर्टावर.

जयंतीच्या कपड्यांत त्यांच्या खिशात पाना का होता? सवयीनं राहिला, की ते ठरवूनच आले होते? मी एकदाच विचारलं. "राहिला असंल," म्हणाले, आणि उठून गेले.

तुम्हाला वाटेल, खरं बाहेर आलं, लोकांनी आईचा जयजयकार केला. पत्रकांत तसंच होतं. वस्तीत मात्र बुंदी तशीच पडून राहिली आणि भांडणं सुरू झाली. वाघमारेकाका अध्यक्षपद सोडून घरात बसले. दलालाकडे माणसं गेली तेव्हा त्याच्या दुकानावर दुसऱ्याच नावाची पाटी होती. आईनं दुसऱ्याच आठवड्यात नवं पत्रक काढलं, काय झालं ते जसंच्या तसं, खाली तिचं नाव. लोक ते घेत आणि न वाचता खिशात घालत. पप्पांच्या शेडमध्ये त्यानंतर आमच्या वस्तीची एकही गाडी आली नाही. पप्पा घरात बोलेनासे झाले. ग्राइंडरचा आवाज तेवढा जास्त वेळ येऊ लागला. ते त्याच व्हॅनचं काम करत होते. कुजलेला भाग वेल्डिंग धरत नाही, म्हणून अख्खा क्रॉस मेंबर काढून दुसरा बसवायचा होता, आणि तो मिळेपर्यंत व्हॅन हारासकट शेडमध्ये उभी होती.

ती उभी असतानाच, मे महिन्याच्या भर दुपारी, शेवंतामावशींच्या यजमानांच्या छातीत कळ आली. रिक्षा शोधण्यात वेळ गेला. पप्पा आणि आणखी तिघांनी त्यांना खाटेसकट उचलून रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले. मयतीला आई गेली तेव्हा मावशी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, तुझं खरं तुझ्यापाशी ठेव. मला गाडी पाहिजे होती." आई खाली मान घालून तिथेच बसून राहिली, माणसं उठेपर्यंत.

त्या गाडीतून नेलं असतं तर पहिल्याच वळणावर चाक निघालं असतं, असं मी स्वतःला सांगते. कदाचित निघालं नसतंही. एवढ्या एका खेपेला टिकलं असतं. खरं सांगणाऱ्यांना ही शक्यता सोबत घेऊनच जगावं लागतं, आणि ज्यांनी अजून मोठ्या आवाजात काही सांगितलेलं नाही त्यांना ते कळत नाही. म्हणून गप्प बसायला हवं होतं का? नाही. मी आजही म्हणते, नाही. पण ते म्हणताना माझा आवाज सोळाव्या वर्षी होता तसा निघत नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा व्हॅनचं काम संपलं. पप्पांनी नवा पत्रा लावला, एक बोल्ट बाजूला ठेवला, हात धुतले आणि शर्ट बदलून बाहेर पडले. ते कुणाच्या दारी स्वतःहून जाणारे नव्हते. त्या दिवशी ते शेवंतामावशींच्या दारात गेले. मी ओट्यावरून ऐकत होते.

"वहिनी, शेडात येता का जरा?"

"कशाला?"

"गाडी झालीय. बघायला."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला न्हाई बोलावलं. बघायला बोलावलं."

मावशी आल्या. पप्पांनी त्यांच्या तळहातावर बोल्ट ठेवला. साडी सावरत त्या खड्ड्याच्या पायऱ्या उतरल्या, आणि त्या नव्या लोखंडाकडे बघत उभ्या राहिल्या. एकदा हात वर करून त्यांनी ते चाचपलं, जिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला होता बरोबर तिथेच. त्यांना ते कुणी दाखवलं नव्हतं. वर आल्या तेव्हा पप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विचारायचं धाडस झालं नसेल.

"बघितलं," मावशीच म्हणाल्या. "आधी दाखवलं असतंत तर आधी झाली असती." त्यांनी बोल्ट पप्पांच्या हातात दिला नाही. खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि घरी गेल्या. पप्पांनी तो उचलायला खूप वेळ लावला.

ती व्हॅन पुढे कित्येक वर्षं धावली. वस्तीतल्या कितीतरी बायका तिच्यातून बाळंतपणाला गेल्या, आणि म्हातारपणी गावाहून आमच्याकडे आलेली माझी आजी शेवटची तिच्यातूनच गेली. आता पप्पा थकले आहेत, शेड एका मोबाइलवाल्याला दिली आहे, खड्डा बुजवला आहे. आई अजून पत्रकं काढते. तिच्या नियमाप्रमाणे खाली नाव घालून, शेवटच्या ओळींत काम सांगून मी थांबते.

तुमच्या वस्तीत, सोसायटीत, शाळेत वर्गणीतून आलेली एखादी गाडी उभी असेल. या रविवारी तिच्याकडे जा. एक गोणपाट न्या. खालचा पत्रा सोडवायला लावा, आणि उताणे होऊन, कपड्यांची पर्वा न करता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. काही कळलं नाही तरी पाहा. आणि ती गाडी आणणारा तुमचा स्वतःचा माणूस असेल, ज्याचं मीठ तुम्ही खाल्लंय असा असेल, तर रविवारची वाट पाहू नका. आजच जा.

– सुजाता, पत्रेवाल्यांची मुलगी, विश्रांतवाडी